स्टेज म्हटलं की कॅन्सरच असतो असं नाही

गेल्या महिन्यात काकूला तपासायला खानापूरहून बेळगावला घेऊन गेले होते. मी औषधांच्या रांगेत असताना तिथल्या सिस्टरनं रिपोर्ट तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "अज्जी, मूरने हंत ऐति." हंत म्हणजे टप्पा, तिसरा टप्पा आहे, एवढंच तिचं म्हणणं. काकूचं माहेर चंदगडकडचं, कन्नड बाजारापुरतं. तिनं ऐकलं 'अंत'. बसमध्ये खानापूर येईपर्यंत पदर तोंडाला लावून बसली होती आणि मला कारण कळेना.

घरी चुलतभावानं रिपोर्ट वाचला. क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज 3. झालं! स्टेज म्हणजे कॅन्सर, हे आपल्याकडे पक्कं बसलंय. संध्याकाळपर्यंत शेजारच्या बायका येऊन बसल्या, कुणी म्हणालं मिरजेला न्या.

क्रॉनिक म्हणजे जुनाट. मूत्रपिंडाच्या बाबतीत निदान 3 महिने टिकलेला बिघाड. शेवटचा किंवा भयंकर असा त्याचा अर्थ नाही. अचानक उद्भवतं ते ॲक्युट. आणि स्टेज ठरते ईजीएफआर या आकड्यावरून, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्या अंदाजावरून. 30 ते 59 असला की तिसरी, 15 च्या खाली गेला की पाचवी. डायलिसिसचा विचार बहुतेक तिथे येतो. काकूचा आकडा 48.

रडारडीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा जास्त त्रास झाला. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या काकू रिपोर्ट आल्यानंतरच्या आठ दिवसांतही रोज घेत होती. यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. कॅन्सरच्या भीतीत त्या पाकिटाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, माझंसुद्धा.

दवाखान्यात गर्दी असते, मान्य. पण 'क्रॉनिक'चा अर्थ सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि तो सांगणं हा उपचाराचाच भाग आहे असं मी मानते. भाषेचीही अडचण नाही. मूत्रपिंड हा शब्द कन्नडमध्ये आहे, मराठीतही तोच आहे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे दोन्हींकडच्या म्हाताऱ्यांना तो कळतो. रिपोर्टवर तेवढा नसतो.

परवा पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. शब्दन् शब्द विचारून घेतला. काकूच्या फाईलवर आता मी ठळक मराठीत लिहिलंय: 'मूत्रपिंडाचा जुना आजार, 5 पैकी तिसरा टप्पा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी द्यायची नाही.' मेडिकलमध्ये जाताना ती फाईल सोबतच घेते.