अप्रेंटिसशिप म्हणजे अनुभव नाही, हे त्या पोराला सांगितलं कोणी?

दुपारपासून डोकं भणभणतंय. लिहून टाकतो, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

आज आमच्याकडे क्वालिटीत ज्युनिअरच्या जागेसाठी इंटरव्ह्यू होते. चाकणला, प्लांटवरच. जिंतूर तालुक्यातला एक मुलगा आला होता, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. या उकाड्यात अंगात काळा ब्लेझर, गळ्यात टाय. ब्लेझरच्या बाहीवरचं लेबल उसवायचं असतं हेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खुर्चीत टेकला आणि आम्ही तोंड उघडायच्या आत इंग्रजीत सुरू झाला. आय ॲम हार्डवर्किंग, माय स्ट्रेन्थ इज टीमवर्क, माय वीकनेस इज आय ॲम अ परफेक्शनिस्ट. शाळेत कविता म्हणून दाखवतात तसं. एका शब्दाला अडला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून.

सीव्हीवर लिहिलेलं, फ्रेशर. पास होऊन मात्र दीड वर्ष झालेलं. मी विचारलं, मधल्या काळात काय करत होतास? गप्प. खाली बघत बसला. मग हळूच म्हणाला, "सर, मराठीत सांगू का?"

"सांग की बाळा."

"वाळूजला अप्रेंटिस होतो सर, वर्षभर. व्हीएमसीवर." व्हीएमसी म्हणजे प्रोग्रामवर चालणारं, धातू कापणारं मशीन.

मग हे सीव्हीत का नाही? तर म्हणे क्लासच्या सरांनी सांगितलं, अप्रेंटिसशिप म्हणजे अनुभव नसतो, ते लिहिलं तर कंपन्या किंमत करत नाहीत, फ्रेशरच लिही.

क्लास म्हणजे 'इंटरव्ह्यू ट्रेनिंग विथ प्लेसमेंट'. फी पंधरा हजार, ब्लेझरचे वेगळे. बाप कोरडवाहू शेतकरी. मला खरंच काही सुचेना.

अरे, वर्षभर मशीनवर उभं राहणं हा अनुभव नाही तर काय आहे? अप्रेंटिसचा कायदा १९६१ सालचा आहे. १९७३ मध्ये दुरुस्ती करून डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांना त्यात आणलं ते याचसाठी, की पोरं कागदावरून उठून शॉपवर यावीत. वर्ष पूर्ण केलं की बोर्डाचं, म्हणजे बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगचं, ज्याला आपल्याकडे सगळे 'बोट' (BOAT) म्हणतात त्याचं, सर्टिफिकेट मिळतं. ते या पोराच्या फाइलमध्ये होतं! सगळ्यात मागे, दहावीच्या सनदेच्याही मागे. पुढे काय होतं, तर त्या क्लासचं रंगीत, सोनेरी किनारीचं 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'.

मी म्हटलं, ठेव ती फाइल बाजूला. वाळूजला काय केलंस ते सांग, अगदी बारीकसारीक. आणि तो पोरगा बोलायला लागला हो.

ॲल्युमिनियमचं हाउसिंग, दोन स्टेशनचं फिक्स्चर, म्हणजे दोन जॉब (पार्ट) एका वेळी पकडून ठेवणारी चौकट. एका शिफ्टला बोअरची डेप्थ, म्हणजे भोकाची खोली, मापाबाहेर जायला लागली. ऑपरेटर म्हणाला इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) गेला, बदला. बदलला, तरी तेच. सुपरवायझर ऑफसेट मारायला, म्हणजे मशीनमधलं टूलचं मापच बदलायला निघाला. हा तिथे अप्रेंटिस, याला कोण विचारतंय. पण याने आउट गेलेले जॉब वेगळे काढून पाहिले तर सगळे दोन नंबरच्याच स्टेशनचे. टूल तेच, प्रोग्राम तोच, मग एकाच स्टेशनचे का जातात? याने जॉब उतरवला आणि जॉब जिथे टेकतो त्या पॅडवरून बोट फिरवलं. धातूची बारीकशी चिप, कापताना निघालेला कीस, दबून बसली होती. नुसत्या डोळ्याला दिसत नव्हती, एअर गनने निघत नव्हती. ऑइल स्टोन मारून साफ केली, पुढचा जॉब ओके.

हे सांगताना त्याने माझ्या टेबलावरचा स्टेपलर आणि पेन ठेवून फिक्स्चर मांडून दाखवलं. टाय केव्हा सैल केला ते त्यालाही कळलं नसेल.

आता मला सांगा, क्वालिटीच्या माणसात आणखी काय बघायचं असतं? "टेल मी अबाउट युवरसेल्फ" याचं याहून चांगलं उत्तर कुठल्या क्लासने आजवर दिलंय? आणि हेच उत्तर त्याला लपवायला सांगून वर पंधरा हजार घेतले. चोर आहेत. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

सगळे क्लास तसे नसतात, मान्य. काही ठिकाणी मनापासून शिकवतात. असतील.

पण राग फक्त क्लासवर नाही. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने शीटवर काय लिहिलं माहितीये? 'कम्युनिकेशन वीक.' पोराने आत्ता दहा मिनिटांत एक अख्खा प्रॉब्लेम, त्याचं कारण, उपाय, सगळं ओळीने सांगितलं. याला कम्युनिकेशन नाही तर काय म्हणतात? फक्त मराठीत सांगितलं एवढाच गुन्हा. आमच्या शॉपवर रात्री दोन वाजता मशीन बंद पडतं तेव्हा कोण इंग्रजीत बोलतं? ऑपरेटर मराठी नाहीतर हिंदी, मेंटेनन्सवाला मराठी, साहेबाला फोन जातो तोही मराठीत.

हो, इंग्रजी लागतं. ड्रॉइंगवरच्या नोट्स इंग्रजीत असतात, कस्टमरला मेल इंग्रजीत जाते, कम्प्लेंट आली की एटडी (8D) रिपोर्ट, म्हणजे चूक का झाली आणि काय उपाय केला याचा अहवाल, इंग्रजीत भरावा लागतो. नाही म्हणत नाही. पण ते सहा महिन्यांत येतं, शिकवलं की येतं. पॅडवरून बोट फिरवायची बुद्धी शिकवून येत नाही.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क', गट 'ड' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद करून टाकल्या. वशिला आणि पैसा नको म्हणून. खाजगीत तसं होणार नाही आणि होऊही नये असं मला वाटतं, कारण लेखी परीक्षेत मला तो स्टेपलर आणि पेन दिसला नसता. पण मग समोर बसणाऱ्याने ऐकायला हवं. नुसतं टायचं टोक बघून टिक मारायची असेल तर कशाला बोलावता पोरांना तीनशे-चारशे किलोमीटरवरून, रात्रभर एसटीत बसवून?

जरा शांत होतो. चहा घेऊन आलो.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये जी पोरंपोरी आहेत, किंवा ज्यांच्या घरात कोणी इंटरव्ह्यूला निघालंय, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी लिहितो. फुकट आहेत.

सीव्हीवरची एकेक ओळ घ्या आणि स्वतःलाच विचारा, यावर कोणी पाच मिनिटं खोदून विचारलं तर काय सांगशील? सांगता येत नसेल तर ओळ काढून टाका. प्रोजेक्ट विकत आणलेला असेल तर तो आम्हाला दुसऱ्या प्रश्नाला कळतो. उलट घरच्या थ्रेशरचं बेअरिंग स्वतः बदललं असेल, बोअरवेलची मोटर काढून परत सोडली असेल, तर ते बिनधास्त सांगा. त्यात कमीपणा कसला?

हातात व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) देतील. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर हे तोंडपाठ सगळ्यांना असतं, प्रत्यक्षात रीडिंग घेताना निम्मी पोरं गडबडतात. मायक्रोमीटरचा रॅचेट (ठरावीक दाब देणारी टोकाची चकती) सोडून थिंबल (फिरणारी नळी) आवळतात. हे घरी बसून यूट्यूबवर येत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये जा, जुन्या सरांना विनंती करा, नाही म्हणत नाहीत ते.

आपण जिथे चाललोय ती कंपनी बनवते काय, एवढं तरी बघून जा. आज आलेल्यांपैकी बहुतेकांना ते माहीत नव्हतं.

आणि पगाराचं. लाजू नका, विचारा. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. तुमच्या बेसिक आणि डीएमधून पीएफचे १२ टक्के कापले जातात, आणि कंपनी तिच्या वाट्याचे जे भरते तेही बहुतेक ठिकाणी सीटीसीतच धरलेले असतात. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसीचेही (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) ०.७५ टक्के जातात. म्हणून "हातात किती येणार?" हाच प्रश्न विचारायचा. दुसरा प्रश्न, पेरोल कोणाचं, म्हणजे पगार कोण देणार? कंपनीचं की कॉन्ट्रॅक्टरचं? गेटवरचा बोर्ड मोठ्या कंपनीचा असतो आणि ऑफर लेटरवर नाव भलत्याचंच निघतं. ते जॉइन व्हायच्या आधी वाचा. तरीही घ्यायची असेल तर घ्या, घरची गरज असते, मी समजू शकतो. पण माहीत असून घ्या.

नोकरी लावून देतो म्हणून जो पैसे मागेल, त्याला एक रुपया देऊ नका. 'रजिस्ट्रेशन' म्हणेल, 'युनिफॉर्मचे' म्हणेल, 'मेडिकलचे' म्हणेल. आमच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर असले लोक रोज बसलेले असतात. पोरांच्या हातातली फाइल बघून गाठतात. आईने डाळीच्या डब्यातून काढून दिलेले पैसे असतात रे ते. हे लिहितानाही हात थरथरतोय.

त्या पोराचं काय झालं, असं विचाराल. निर्णय माझ्या एकट्याच्या हातात नाही. माझ्या शीटवर 'घ्यावा' असं लिहिलंय, कारणासकट, आणि उद्या सकाळी प्लांट हेडना भेटून तोंडीही सांगणार आहे. जाताना त्याला एवढंच म्हटलं, सीव्ही आज रात्रीच नव्याने लिही, पहिल्या ओळीत वाळूज टाक आणि ते बोटचं सर्टिफिकेट फाइलमध्ये सगळ्यात वर लाव.

डिप्लोमा, आयटीआय झालेलं कोणी असेल आणि सीव्ही दाखवायचा असेल तर मला मेसेज करा. मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनचंच मला कळतं, बाकीचं नाही. रविवारी सकाळी मी घरी असतो, भोसरीच्या आसपास असाल तर सरळ घरी या. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि दोन-चार जुनी ड्रॉइंग्ज काढून ठेवतो. कमेंटमध्ये कुठल्या क्लासची जाहिरात टाकलीत तर उडवून टाकीन.