खून करा, पण मावशीला विचारून

विनोदी खूनकथा लिहायची म्हणता? कोल्हापुरात? आणि तीही बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या, सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसणाऱ्या कुटुंबाची? झकास. इंग्रजीत हल्ली या मालाला उठाव आहे. सुरुवातीलाच एक मुडदा, चार मावश्या आणि पानोपानी जेवण. आपण का मागं राहायचं?

आधी कुटुंब ठरवा. बाहेरच्यांचं कोल्हापूरला अप्रूप नाही. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत पोलंडचे सुमारे ५,००० निर्वासित राहून गेले. पुढं फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं तिथं आली आणि गांधीनगर उभं राहिलं. इतकं सोसलेल्यांची टिंगल करायला हात धजत नसेल, तर माझ्यासारखं करा, स्वतःचे नातेवाईक वापरा. आमचे आजोबा मालवणहून गगनबावड्यामार्गे घाट चढून इथं आले. तीन पिढ्या झाल्या, गल्लीत आम्ही अजून ‘कोकणातली’ आणि मालवणात गेलो की ‘घाटी’. परकं व्हायला एवढं पुरतं, पासपोर्ट लागत नाही.

आता मुडदा. पंचगंगेत टाकायचा विचारही नको. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी इथं शाळकरी पोरंही फूट-इंचात सांगतात, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पाणी बघायला ही गर्दी. तुमचा माणूस वर यायच्या आत त्याचा व्हिडिओ स्टेटसला पडेल. रंकाळ्यावर पहाटेपासून फिरायला येणारे. गुऱ्हाळावर न्याल, तर काहिलीपाशी बसलेला आजा विचारणारच, “हे पाव्हणं झोपल्यात व्हय? उठवा की, रस घिऊ द्या.”

म्हणून मुडदा घरातच ठेवा आणि मावशीला सांगा. एकीलाच सांगितलं तरी चौघी येतात.

थोरली म्हणेल, “पयली च्या पी, मगे रड.” दुसरी मेलेल्याचं आडनाव विचारून त्याचं सासर शोधून काढेल. तिसरी फरशी पुसायला घेईल, कारण पोलीस येणार आणि घर असं? (पुरावा असा नष्ट होतो. गुन्हेगाराच्या हुशारीनं नव्हे, पाहुणे येणार म्हणून.) धाकटी फौजदाराला लाडू देता देता बदली कुठंकुठं होते ते काढून घेईल. तिची पोरगी लग्नाची आहे. हा प्रसंग सगळेच घालतात, तुम्हीही घाला.

मात्र मावश्यांना मोडकंतोडकं बोलायला लावून हशा उकळू नका. ती फुकटची कमाई. आपल्या भाषेत त्या चोख बोलतात, गंमत त्यांच्या हिशोबात असते.

कायद्याचंही बघा. फौजदाराच्या तोंडी ‘तीनशे दोन’ घातलंत तर हसं होईल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये. मला प्रिय आहे ते कलम २४९, गुन्हेगाराला आसरा देण्याचं. त्यात नवरा-बायकोला सूट आहे. मावशीला नाही! हे कलम लिहिणाऱ्याला मावशी नसावी.

राहिला धागादोरा. तो स्वयंपाकघरातून आणा. मेलेल्याला त्या दुपारी कुणीतरी जेवायला वाढलेलं असतं. शवविच्छेदनात पोट उघडलं की बांगड्याच्या तिकल्याबरोबर एक तिरफळ निघतं. पेठेतल्या कुठल्याही घरात कांदा-लसूण चटणी सापडेल, पण माशात तिरफळ घालणारं घर गल्लीत एकच. तीन पिढ्या आम्ही कोल्हापुरी झालो, झालो म्हणत होतो, आणि पकडले गेलो ते तिरफळानं.

हे सगळं लिहायच्या आधी मी आमच्या थोरल्या मावशीला सहज विचारलं होतं, कादंबरीत प्रेत लपवायचंय, कुठं लपवू? तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. संध्याकाळी सावंतवाडीहून फोन, कुडाळहून फोन, रात्री दहाला ठाण्याच्या मामीचा, की आमच्याकडं मोठा फ्रीज आहे, पण गणपतीपर्यंतच, मग मोदकांचं सारण ठेवायला लागतो. आणि मावशी मात्र दोन दिवस माझ्याशी बोलेना. शेवटी कळलं, मी त्या माणसाला पहिल्या पानावर उपाशीच मारला होता.