श्रद्धा हवीच, पण तळाचे अर्जही उघडून बघा

कंपनीच्या मालकाची देवावरची श्रद्धा पक्की असेल तर एआयचा गैरवापर होणारच नाही, असं कंपन्यांना सल्ला देणाऱ्या काही उद्योजकांनी एका लेखात म्हटलंय; ते मला पटलं नाही. मी स्वतः देव मानते, म्हणूनच लिहितेय. चाकणच्या एका कारखान्यात मी भरतीचं काम बघायचे. साहेब सज्जन, दर गुरुवारी ऑफिसात आरती. तरी अर्ज चाळायला आणलेल्या सॉफ्टवेअरने बाळंतपणानंतर ३ वर्षं घरी राहिलेल्या एका क्वालिटी इन्स्पेक्टर बाईंचा अर्ज पार तळाला टाकला. ९ वर्षांचा अनुभव होता, पण मधली रिकामी वर्षं मशिनला खटकली. कुणाचीच नियत खोटी नव्हती हो, फक्त तळाचे अर्ज कुणी उघडत नव्हतं. मी एका दुपारी बसून उघडले, तेव्हा कळलं.

कॅथलिक धर्मपीठ असलेल्या व्हॅटिकनच्या पुढाकाराने २८ फेब्रुवारी २०२० रोजी 'रोम कॉल' या एआयच्या नैतिक वापराबद्दलच्या जाहीरनाम्यावर मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने सह्या केल्या. तिथेही पारदर्शकता, जबाबदारी, निःपक्षपातीपणा अशी ६ तत्त्वं लिहून काढलीच ना? मग या उद्योजकांनी आपल्या ग्राहक कंपन्यांना एवढं तरी सांगावं: मशिनने नाकारलेले अर्ज दर महिन्याला कोण तपासणार, त्या माणसाचं नाव करारातच लिहा.