आधी दळणाचं बघा, मशीनचं नंतर

माझ्या ओट्यावर एस्प्रेसो मशीन, म्हणजे कॉफीच्या पुडीतून दाबाने गरम पाणी ढकलून घट्ट कॉफी काढणारं यंत्र, येऊन दीड वर्ष झालं. एवढ्यात सांगलीच्या आमच्या विश्रामबागेतल्याच तिघी-चौघांनी विचारलं, "कुठलं घेऊ गं?" फोनवर प्रत्येकाला तुटक सांगण्यापेक्षा इथे नीट लिहिते, कारण मला मनापासून वाटतं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे.

मशीन वीतभर रुंद. मिक्सरशेजारी आरामात बसतं. खोक्यावर ठळक अक्षरांत '१५ बार' होतं आणि ते बघूनच मी घेतलं. बार म्हणजे दाबाचं माप, पण तो पंपाचा कमाल दाब. कॉफी उतरताना लागतो साधारण ९ बार. १९६१ मध्ये इटलीतल्या फाएमा कंपनीने ई६१ या मशीनला विजेचा पंप बसवला, आणि आजही कॅफेंतली मशिनं साधारण त्याच दाबावर चालतात. त्यामुळे १५ बघून पैसे जास्त मोजू नका.

पहिला महिना मी दुकानातली तयार पूड वापरली. फेस झकास यायचा, चवीत मात्र काही दम नाही. मग कळलं की मशीनसोबत आलेली, पूड भरायची चाळणी दुहेरी तळाची असते. खालच्या तळाला एकच बारीक भोक, त्यातून दाबाने कुठल्याही शिळ्या पुडीचा फेस निघतो. साधी एकेरी चाळणी मागवून लावली आणि दहा सेकंदांत सगळं पाणी धो धो कपात. पातळ, आंबट.

सासूबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. त्यांनी डब्यातली चिमूटभर पूड बोटांत चोळली आणि म्हणाल्या, "भरड आलंय गं हे. असल्या पिठाची भाकरी थापता येईल का?"

त्या तेव्हा कॉफी पीत नव्हत्या, पण त्यांनी नेमकं दुखणं सांगितलं. ज्वारीचं दळण बोटाला जसं कळतं, तसंच हे. पुढच्याच आठवड्यात हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर घेतला. मशीनच्या निम्म्याहून जास्त पैसे त्याला गेले आणि ते सगळ्यात सार्थकी लागले. आता १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. सुरुवातीला काहीच येत नाही, मग काळे थेंब, मग काकवी ओतावी तशी जाड, तांबूस धार. ती धार बघायला मी रोज सकाळी सहाला वाकून उभी असते. धार फिकी पडली की बंद. पावसाळ्यात तेच दळण वेगळं वागतं, ग्राइंडर पुन्हा लावावा लागतो, त्याला इलाज नाही.

आता पाण्याचं, कारण आपल्याकडे मशिनं मरतात ती यानेच. आमच्या अपार्टमेंटच्या टाकीत नळाचं आणि बोअरचं पाणी एकत्र होतं. बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, तोच आत गरम होणाऱ्या बारीक नळीत धरतो. आठव्या महिन्यात धार अगदी बारीक झाली, वाफ फुसफुसायला लागली. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं तेव्हा वाईट वाटलं, आत सगळे क्षार. चूक माझीच होती, माहितीपुस्तकात पाण्याबद्दल पानभर लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं. तेव्हापासून आरओच्या पाण्यात थोडं नळाचं पाणी मिसळते, कारण नुसत्या आरओच्या पाण्याची कॉफी सपक लागते. क्षार काढायची पावडर दर दोन महिन्यांनी फिरवते. एवढं करायची तयारी नसेल तर स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर घ्या. तोही फार चांगली कॉफी देतो.

विजेचं थोडक्यात: घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालवू नका, गरम होताना हजार वॉटच्या वर ओढतं.

दुधात मात्र आपण भाग्यवान आहोत. गवळ्याकडचं म्हशीचं दूध तापवून, साय काढून, फ्रिजमध्ये गार करायचं आणि मग वाफेवर धरायचं. दुधाच्या भांड्याला तळहात टेकवून धरवेना झाला की थांबायचं. त्याच्यापुढे तापवलं की दुधाचा गोडवा जातो. साखर न घालताही ते गोड लागतं. रविवारी सासूबाई अर्धा कप घेतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

राहिली कॉफीची बी. पिशवीवर भाजल्याची तारीख नसेल तर ती घेऊ नका. भाजल्यापासून आठवडाभराने उघडावी आणि महिन्याभरात संपवावी, असा माझा अनुभव. मी कर्नाटकातल्या चिकमगळूरहून मागवते. पाव किलोला कुरिअर परवडत नाही, म्हणून विचारते: सांगली-मिरजेत अजून चार-पाच जण असतील तर दर महिन्याला एकत्र दोन किलो मागवू. कमेंटमध्ये लिहा. आणि घ्यायच्या आधी कुणाला चालू मशीन बघायचं असेल तर रविवारी सकाळी नऊनंतर घरी या, दूध जास्तीचं घेऊन ठेवते.