पोरं वावरात, शेरा मास्तरावर

पुन्हा तोच तक्ता! तिसरीतल्या किती मुलांनी अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत जे यायलाच हवं ते, गाठली, त्यावरून माझं काम जोखणार. २०२१ साली केंद्र सरकारचं निपुण भारत हे पायाभूत वाचन-गणिताचं अभियान आलं. तिसरीपर्यंत प्रत्येक पोराला समजून वाचता यावं, हे मलाही मनापासून हवंय. पण कापूस फुटला की अर्धा वर्ग वावरात! काल एक पोरगी तीन आठवड्यांनी आली, बोटं बोंडांनी ओरबाडलेली. "सर, माय म्हणे, वेचाले चाल." शाळा उघडली तेव्हा तिला 'क' ओळखू येत नव्हता. आज जोडाक्षरांवर अडखळत का होईना, अख्खा उतारा वाचते. तक्त्यात तिच्यापुढे 'नाही'. कुठून निघाली, त्याला रकानाच नाही. आणि साहेब मलाच विचारतात, वर्षभर काय शिकवलं?