‘यंत्र आता माणसाइतकेच सर्जनशील’: एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांपासून नागपुरातल्या साहित्यप्रेमींच्या, प्राध्यापकांच्या आणि नाट्यमंडळांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: गो या पटावरच्या खेळात संगणकाने माणसाला न सुचलेली चाल खेळून दाखवली, यंत्राच्या म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रांना बक्षिसे मिळाली आणि लिलावात लाखो डॉलरांची बोली लागली, कोणती कविता यंत्राची आणि कोणती माणसाची हे वाचकांना ओळखता येत नाही, माणूसही शेवटी आधीच्यांचे वाचूनच लिहितो, मग फरक उरला कुठे, आणि म्हणून लेखक, चित्रकार, गीतकार यांच्यावर पैसा खर्च करणे ही यापुढे केवळ हौस ठरेल. यातले बरेच तपशील खरे आहेत. त्यामुळे ‘यंत्राला भावना नसतात’ एवढे एक वाक्य बोलून या मजकुराची बोळवण करता येणार नाही. यंत्राने काढलेल्या हाताला सहा बोटे येतात किंवा त्याच्या गझलेत मात्रा चुकतात, अशा उणिवांवरही मी माझे म्हणणे उभे करणार नाही, कारण त्या उणिवा दुरुस्त होतील; बऱ्याचशा झाल्याही आहेत.

गोच्या चालीपासून सुरुवात करू. मार्च २०१६ मध्ये सोल येथे गूगलच्या मालकीच्या डीपमाइंड या कंपनीच्या अल्फागो या प्रोग्रामने कोरियाचा अव्वल खेळाडू ली सेडॉल याच्याविरुद्धच्या पाच डावांपैकी चार जिंकले. दुसऱ्या डावातली सदतिसावी चाल पाहून जाणकारांना आधी ती चूकच वाटली. त्या जागी माणूस ती चाल खेळण्याची शक्यता दहा हजारांत एक, असा खुद्द त्या प्रोग्रामचा हिशेब होता. ही चाल कोणाची नक्कल नव्हती, हे मान्यच केले पाहिजे. पुढच्या वर्षी आलेल्या अल्फागो झीरोने तर माणसांचे डाव न अभ्यासता, केवळ स्वतःशी खेळून शिकून, ली सेडॉलला हरवणाऱ्या आवृत्तीला शंभरपैकी शंभर डावांत हरवले. तेव्हा ‘यंत्र फक्त चोरी करते’ असे सरसकट म्हणणारे लोकही चुकतात, मग ते आपल्याच बाजूचे असले तरी.

मात्र हे कशामुळे शक्य झाले, ते त्या मजकुरात कुठेच नाही. गोच्या पटावर एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघा असतात, नियम मोजके असतात आणि डाव संपला की कोण जिंकले हे मोजून सांगता येते. यंत्राला लाखो डाव खेळता येतात आणि प्रत्येक डावाच्या शेवटी बरे काय आणि वाईट काय, याचा निकाल त्याच्या हाती पडतो. २०२३ साली डीपमाइंडच्याच दुसऱ्या एका प्रोग्रामने गणितातल्या ‘कॅप सेट’ या कोड्यात नवी भर घातली, तेव्हाही प्रत्येक उत्तर तपासणारी वेगळी यंत्रणा माणसांनी आधीच उभी करून ठेवली होती. जिथे निकाल मोजता येतो तिथे यंत्राची नवलाई अस्सल असू शकते. कवितेला असा निकाल नसतो; ती चांगली आहे की नाही हे ठरवण्याची कसोटीच पुष्कळदा ती कविता आपल्याबरोबर घेऊन येते. शिवाय त्याच सामन्याच्या चौथ्या डावात, पहिले तीन डाव हरून मालिका हातची गेलेली असताना, ली सेडॉलने अठ्ठ्याहत्तरावी चाल अशी खेळली की अल्फागोचा सारा हिशेब कोलमडला आणि तो डाव माणसाने जिंकला. मजकूर लिहिणाऱ्याला सदतिसावी चाल आठवते, अठ्ठ्याहत्तरावी आठवत नाही.

बक्षिसे आणि लिलाव यांचा मुद्दा त्या मानाने कमकुवत आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये क्रिस्टीजच्या न्यूयॉर्क येथील लिलावात ‘एडमंड दे बेलामी’ हे यंत्राच्या साहाय्याने केलेले व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरना विकले गेले, हे खरे आहे. परंतु जुनी व्यक्तिचित्रे गोळा करून ती यंत्राला दाखवणारे, बाहेर पडलेल्या असंख्य प्रतिमांतून नेमकी कोणती छापायची हे ठरवणारे आणि चित्राखाली सहीच्या जागी गणिताचे सूत्र लिहिण्याची कल्पना लढवणारे पॅरिसचे तिघे तरुण होते. २०२२ साली कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत शब्दांतल्या सूचनांवरून चित्र काढणाऱ्या मिडजर्नी या प्रोग्रामच्या साहाय्याने केलेल्या चित्राला पहिले बक्षीस मिळाले, त्या जेसन ॲलन यांनी स्वतःच सांगितले की आपण निदान ६२४ वेळा सूचना बदलून पाहिल्या. इतक्या वेळा ‘हे नको’ म्हणणारा आणि एका जागी थांबणारा माणूस होता. बाहेर आलेल्या प्रतिमांतली कोणती टाकावी याबद्दल त्या यंत्राला काहीच म्हणायचे नव्हते, आणि निर्मितीचे निम्मे काम या टाकण्यातच असते, हे हातात कुंचला किंवा लेखणी धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, १९९४ च्या दुरुस्तीनुसार, संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, असेच म्हटले आहे.

तिसरा मुद्दा ओळखण्याचा. २०२४ साली पिट्सबर्ग विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी सामान्य वाचकांपुढे नामवंत इंग्रजी कवींच्या कविता आणि त्यांच्या वळणावर यंत्राने लिहिलेल्या कविता ठेवल्या, तेव्हा वाचकांना त्या ओळखता आल्या नाहीत. उलट यंत्राच्या कविता त्यांना अधिक आवडल्या. मजकुरात एवढेच सांगितले आहे. यंत्राच्या कविता सोप्या, थेट आणि एका वाचनात कळणाऱ्या होत्या म्हणून त्या आवडल्या असाव्यात, हे त्या संशोधकांनीच दिलेले स्पष्टीकरण मात्र गाळले आहे. ही फसगतही नवी नाही. १९९७ साली ओरेगॉन विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात अमेरिकन संगीतकार डेव्हिड कोप यांच्या प्रोग्रामने जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या शैलीत रचलेले संगीत श्रोत्यांना खऱ्या बाखचे वाटले होते, तेही आजचे कोणतेही मॉडेल अस्तित्वात नसताना. एखादी शैली घडून गेल्यावर तिची हुबेहूब नक्कल करता येते, एवढेच अशा परीक्षांतून सिद्ध होते. सुरेश भटांनी मराठी गझलेला तिची स्वतःची बोली मिळवून दिली, त्यानंतर त्यांच्या वळणाची गझल लिहिणारे शेकडो हात विदर्भात तयार झाले, आणि त्यांतला एखादा शेर भटांचा म्हणून सहज खपूनही जाईल. म्हणून त्या शेकडो जणांना कोणी भटांच्या जोडीला बसवत नाही.

याच मुद्द्याची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. २०२४ सालीच ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की यंत्राकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या छोट्या कथा एकेकट्या वाचल्या तर अधिक चांगल्या वाटतात, पण सगळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींसारख्या होऊ लागतात. महाविद्यालयीन काव्यस्पर्धांच्या प्रवेशिका वाचण्याचे काम माझ्याकडे अधूनमधून येते, आणि हे एकसारखेपण मी डोळ्यांनी पाहते. विषय ‘पाऊस’ असला की मृद्गंध येतो, थेंबांचे मोती येतात, मन चिंब होते आणि शेवटच्या कडव्यात आशेचा किरण उगवतो. काटोल-नरखेडकडचा, घरी कापूस आणि संत्री असलेला मुलगा ही कविता पाठवतो. त्याच्या गावात मिरग कोरडा गेला की धूळपेरणी वाया जाते, दुबार पेरणीसाठी बियाण्याचे पैसे कुठून आणायचे यावर घरात रात्र-रात्र खल चालतो, आणि पाऊस हा शब्द तिथे हिशेबासारखा उच्चारला जातो. यातले एक अक्षर त्या कवितेत नसते. कविता निर्दोष असते, वृत्तही बहुधा सांभाळलेले असते, आणि तो मुलगा मात्र तीत कुठेच सापडत नाही. मला त्या मुलाचा राग येत नाही. त्याला सांगायला इतके असताना त्याच्याकडून ते काढून घेतले जाते, याचे वाईट वाटते.

आता चौथा मुद्दा, जो पाचांतला सर्वांत बळकट आहे. माणूसही आधीच्यांचे वाचूनच लिहितो, हे खरे आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या शेजारच्या रामटेकशी ज्याचे नाते सांगितले जाते त्या मेघदूताबद्दल मल्लिनाथासारखा टीकाकारच म्हणतो की रामाने हनुमंताकरवी सीतेला पाठवलेला निरोप मनात ठेवून कालिदासाने ही रचना केली. तेव्हा उसनवारी दोन्हीकडे आहे. प्रश्न आहे तो उसने घेतल्यानंतर काय घडते, याचा.

आजचे भाषेचे मॉडेल कसे चालते ते पाहू. मजकुराचे बारीक तुकडे केले जातात, ज्यांना टोकन म्हणतात. अब्जावधी वाक्ये वाचून, आतापर्यंतच्या तुकड्यांनंतर पुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधायला मॉडेल शिकते. त्यानंतर माणसांना उत्तरांच्या जोड्या दाखवून कोणते अधिक आवडले हे विचारले जाते आणि त्या पसंतीकडे मॉडेलला वळवले जाते. निवडीत किती अनपेक्षितपणा येऊ द्यायचा, हे एका आकड्याने ठरवता येते. तो वाढवला की नवे शब्द येतात आणि त्यांच्याबरोबर असंबद्धताही येते. म्हणजे यंत्राची आवड ही पुष्कळ परीक्षकांच्या आवडीचे सार असते. ब्रिटिश विदुषी मार्गारेट बोडन यांनी सर्जनशीलतेचे तीन प्रकार सांगितले आहेत: माहीत असलेल्या गोष्टींची नवी जोडणी, एखाद्या चौकटीच्या आतल्या शक्यतांचा शोध, आणि ती चौकटच बदलून टाकणे. पहिल्या दोन प्रकारांत यंत्र पुष्कळ काही करते, हे मी वर मान्य केलेच आहे. तिसऱ्याचे उदाहरण शोधायला नागपूरकरांना दूर जावे लागत नाही.

कल्पना करा की १९५५ पर्यंत छापली गेलेली सगळी मराठी कविता आजच्या ताकदीच्या मॉडेलला शिकवली आणि त्या काळच्या प्रतिष्ठित रसिकांना परीक्षक नेमले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या पाठोपाठ लाखोंनी धम्म स्वीकारला, आणि पुढच्या दोन दशकांत ज्यांचे जगणे छापील मराठीत जवळजवळ आलेच नव्हते ते लोक लिहू लागले. त्यांची भाषा, त्यांच्या प्रतिमा, कवितेत काय यावे आणि काय येऊ नये याबद्दलचा त्यांचा नकार, यांतले किती त्या मॉडेलला सुचले असते? शब्दसाठ्यात ते नव्हते, ही एक अडचण झाली. त्याहून मोठी अडचण अशी की चुकून सुचले असते तरी परीक्षकांनी ते नापास केले असते, आणि नापास झालेल्यापासून दूर राहायलाच यंत्राला शिकवलेले असते. ही कविताच नव्हे, हा निव्वळ आक्रोश आहे, असे तेव्हा म्हणणारे जाणकार होतेच. दलित कवी त्या शेऱ्यानंतरही लिहीत राहिले, कारण त्यांना पसंती मिळवायची नव्हती, काही सांगायचे होते. आणि अखेर मराठी वाचकाला आपली कसोटी बदलावी लागली. माणसासारखी सर्जनशीलता म्हणजे काय, असे कोणी मला विचारले तर मी याच गोष्टीकडे बोट दाखवीन.

हे केवळ वाङ्मयाच्या इतिहासापुरते नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इतवारी-जागनाथ बुधवारीकडून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळ्यांनी रस्ते दुमदुमतात, आणि त्यांच्यामागून बडगे येतात. बांबूचा सांगाडा, कागद, जुने कपडे, रंगवलेले तोंड आणि गळ्यात पाटी. त्या वर्षी लोकांना जे छळते आहे त्याचा बडगा होतो. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी साथीचा रोग. पाटीवरचा मजकूर यंत्र क्षणात देईल, कदाचित यमकही झकास जुळवील. पण यंदा कोणाचा बडगा करायचा हे मोहल्ल्यातली पोरे आठवडाभर भांडून ठरवतात. ज्याच्यावर तो बेतलेला असतो त्याचे हस्तक त्याच गल्लीत राहतात. आणि मिरवणुकीत ती पाटी खांद्यावर घेऊन चालणाऱ्याला उद्याही त्यांच्याच समोरून जायचे असते. त्या चार शब्दांची धार या जोखमीतून येते. यंत्राला काहीही लिहिल्याने काहीच गमवावे लागत नाही.

पाचव्या मुद्द्याला, म्हणजे कलावंतांवरचा खर्च ही हौस ठरेल या निष्कर्षाला, यंत्राच्या बाजूनेच उत्तर मिळते. २०२४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की यंत्रानेच तयार केलेल्या मजकुरावर पुढची मॉडेले पुन्हा पुन्हा शिकवत गेले तर त्यांची गुणवत्ता ढासळते आणि जे विरळ असते ते सर्वांत आधी नाहीसे होते. मराठीत विरळ काय आहे? झाडीबोली आहे, वऱ्हाडी आहे, आपली नागपुरी बोली आहे. पूर्व विदर्भातल्या वडसा-देसाईगंजच्या आसऱ्याने वाढलेल्या झाडीपट्टी रंगभूमीवर दरवर्षी नवी नाटके लिहिली जातात आणि गावोगावी रात्रभर चालतात, पण त्यांतली फारच थोडी इंटरनेटवर पोचतात. ती लिहिणाऱ्याचे मानधन ‘आता हे काम फुकटात होते’ म्हणून कापले, तर यंत्राला उद्या शिकायलाही ती बोली उरणार नाही. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे की अनुवादाचा कच्चा खर्डा, निमंत्रणपत्रिका, हिशेबाची टिपणे यांसाठी यंत्र खुशाल वापरा. नाटककाराचा आणि गीतकाराचा मोबदला मात्र या मजकुराच्या आधारावर ठरवू नका.

‘आज नाही, पण उद्या?’ असा प्रश्न या गटांत हमखास येतो, आणि तो रास्त आहे. उद्याचे दार बंद करण्याचा अधिकार मला नाही, परंतु मी काय पाहिल्यावर माझे मत बदलीन, ते सांगू शकते. एखाद्या यंत्राने कोणी न सांगता एखादा विषय धरावा, सगळ्या परीक्षकांनी खालचे गुण दिल्यावरही तो न सोडावा, आपणच लिहिलेले पुष्कळसे आपणच फेकून द्यावे, आणि काही वर्षांनी वाचकांनी आपली आवड बदलून त्याच्याकडे वळावे. असे एक जरी उदाहरण समोर आले, तरी मी हा प्रतिवाद मागे घेईन. त्या फिरत्या मजकुरातल्या पाच मुद्द्यांत तसे एकही उदाहरण नाही.