सॉफ्टवेअर टाकलं कॉम्प्युटरवर, दिसतंय फक्त एकालाच

सामायिक कॉम्प्युटरवर नवीन सॉफ्टवेअर टाकायचं म्हटलं की माझं डोकं आधीच तापायला लागतं. इन्स्टॉल करायचं, शेवटी 'यशस्वी' म्हणून हिरवी खूण यायची, आणि दुसऱ्या कुणी लॉग इन केलं की त्याच्यासमोर काहीच नाही. डेस्कटॉपवर आयकॉन नाही, स्टार्ट मेनूत नाव नाही. मग बोलणी कुणी खायची? ज्याने टाकलं त्याने. 'तुम्ही तर म्हणालात झालंय!' अहो, झालंय खरंच! त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर पडलंय, पण एकाच खात्यापुरतं.

हे काही चुकून होत नाही, म्हणून तर जास्त संताप येतो. विंडोजमध्ये सगळ्यांसाठीच्या प्रोग्रॅमची जागा ठरलेली आहे, प्रोग्रॅम फाइल्स हा फोल्डर. तिथे काही ठेवायचं तर अ‍ॅडमिनचा, म्हणजे मशीन सांभाळणाऱ्या खात्याचा, अधिकार लागतो. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आलं, सोबत यूजर अकाउंट कंट्रोल आलं, आणि असा अधिकार लागला की स्क्रीन मंद होऊन परवानगी विचारणारी खिडकी यायला लागली. ती खिडकी टाळायची सोपी वाट म्हणजे सॉफ्टवेअर थेट त्या माणसाच्या खात्यातल्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये टाकणं. हा फोल्डर एरवी लपवलेलाच असतो. परवानगी नको, पासवर्ड नको, दोन क्लिकमध्ये मोकळे. मोकळे कोण? सॉफ्टवेअर बनवणारे. निस्तरायचं आम्ही.

बरं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकला की प्रश्न सुटतो असं वाटत असेल तर तेही नाही. साध्या खात्यातून कुणी इन्स्टॉलर चालवला, त्याने पासवर्ड मागितला, मी जाऊन टाकला. त्या क्षणापासून तो इन्स्टॉलर माझ्या खात्याच्या नावाने चालतो! तो जर खात्यापुरता बनवलेला असेल तर फाइली माझ्या अ‍ॅपडेटात, रजिस्ट्रीतल्या (विंडोज सेटिंग्ज जिथे साठवतं तिथल्या) नोंदी माझ्या, आयकॉन माझ्या डेस्कटॉपवर. आणि ज्याला ते सॉफ्टवेअर हवं होतं तो समोर रिकामा बसलेला. एवढा उलटा कारभार, आणि त्याबद्दल इन्स्टॉलर एक ओळ दाखवत नाही.

मग लोक सल्ला देतात, शॉर्टकट पब्लिक डेस्कटॉपवर टाका, सगळ्यांना दिसेल. दिसतो की! क्लिक केलं की उघडत नाही, कारण तो शॉर्टकट माझ्या खात्याच्या फोल्डरकडे बोट दाखवतो आणि तिथे साध्या वापरकर्त्याला प्रवेश नाही. असायलाही नकोच, ती माझी खाजगी जागा आहे. अख्खा फोल्डर उचलून प्रोग्रॅम फाइल्समध्ये नेला तर रजिस्ट्रीतल्या नोंदी जुन्याच जागेच्या राहतात आणि अपडेट कधी अडकेल याचा नेम नाही.

राहता राहिला एकच उपाय, प्रत्येकाने आपापल्या खात्यात पुन्हा टाकायचं. म्हणजे एकाच डिस्कवर एकाच सॉफ्टवेअरच्या पाच-पाच प्रती. जागा गेली ती गेलीच, पण खरी भीती वेगळी आहे. प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे अपडेट होते. जो माणूस महिनोन् महिने लॉग इन करत नाही, त्याच्या खात्यात जुनी, सुरक्षेची भोकं न बुजवलेली प्रत तशीच पडून राहते. दुसऱ्या खात्यातून बघायला गेलं तर इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमच्या यादीतही ती दिसत नाही. ज्याच्यावर मशीनची जबाबदारी आहे त्याने मग सांभाळायचं तरी काय?

युनिक्स, म्हणजे दुसरी एक ऑपरेटिंग सिस्टिम, १९७० च्या दशकापासून एका मशीनवर अनेक माणसं बसवतंय. सगळ्यांचे प्रोग्रॅम एकीकडे, प्रत्येकाचं घर वेगळं, हा विचार तेव्हापासूनचा आहे. विंडोजमध्येही सोय आहेच. एमएसआय पॅकेज (विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलर पद्धतीची फाइल) असेल तर इन्स्टॉल करताना ऑलयूजर्स=१, म्हणजे 'सगळ्यांसाठी टाक', एवढं सांगितलं की भागतं, अर्थात बनवणाऱ्याने ते पॅकेज नीट बांधलं असेल तर. म्हणजे तंत्र अडत नाही, इच्छा अडते.

ज्यांच्याकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड नाही त्यांना खात्यापुरतं इन्स्टॉल करता येणं गरजेचं आहे, हे मला शंभर टक्के मान्य आहे. तो पर्याय काढू नका. पण विचारा तर खरं! 'फक्त माझ्यासाठी' की 'या कॉम्प्युटरवरच्या सगळ्यांसाठी', हा प्रश्न पहिल्याच स्क्रीनवर, मोठ्या अक्षरांत हवा. 'कस्टम'मध्ये शिरून, तिथून 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन सापडणाऱ्या एका बारक्या चौकोनात नको. आणि सगळ्यांसाठीचं पॅकेज वेगळं असेल तर ते 'संस्थांसाठी' म्हणून कुठल्यातरी आतल्या पानावर दडवून ठेवू नका, डाउनलोडच्या मुख्य बटणाशेजारी ठेवा.